सरांच्या निवेदनावर सही करू का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत) :

ही वाचक इतिहासात पीएच.डी. करते. नोंदणीचे चौथे वर्ष आहे. ज्या प्राध्यापकांकडे तिची नोंदणी होती त्यांना दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठाने बडतर्फ केले. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने केलेली लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीने ग्राह्य धरली होती. सरांचे म्हणणे असे की चौकशी घाईत उरकली, साक्षीदारांचे जबाब आपल्याला दाखवले नाहीत. ते आदेशाला आव्हान देणार आहेत. माजी विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना द्यायचे निवेदन तयार केले आहे. त्यात सर निष्कलंक आहेत आणि तक्रार कमी गुण मिळाल्याच्या रागातून केलेली आहे असे म्हटले आहे. मुलीचे नाव आणि वर्गही त्यात घातला आहे. पहिली सही हिची हवी आहे, कारण ‘तू मुलगी आहेस, तुझ्या सहीला वजन आहे’. सरांनीही फोन करून सांगितले, ‘तू तरी लिही.’

हिला सरांकडून कधीही वावगा अनुभव आलेला नाही. वडील गेले त्या वर्षी हिची फी सरांनी भरली, मोडी लिपी त्यांनीच शिकवली. सही केली नाही तर खाल्ल्या मिठाला जागले नाही असे होईल, ही टोचणी आहे. पण दुसरीही एक गोष्ट सलते आहे. दीड वर्षापूर्वी तीच तक्रारदार मुलगी ग्रंथालयाच्या जिन्यात हिच्याजवळ येऊन बसली होती. ‘ताई, सर तुम्हालाही सुट्टीच्या दिवशी एकटीला बोलावतात का?’ असे तिने विचारले. ‘सर तसे नाहीत गं,’ असे उत्तर हिने दिले आणि ती मुलगी उठून गेली. वादातले गुण लागले ते त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. हे बोलणे हिने आजवर कुणाला सांगितलेले नाही, समितीनेही हिला कधी बोलावले नाही. सही करू का, जिन्यातले बोलणे सांगू का, अर्धवट प्रबंधाचे काय, असे तीन प्रश्न आहेत. आणि शेवटी एक ओळ : प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सरांचे नाव घालू का?

उत्तर :

तुमचे पत्र सहा पानांचे आहे. साडेपाच पाने सरांवर आहेत. जिन्यातल्या बोलण्यावर चार ओळी आहेत, त्याही शेवटच्या पानाच्या समासात, कागद आडवा धरून लिहिलेल्या. मी तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण सहीचा निकाल त्या चार ओळींतच लागलेला आहे असे मला वाटते.

पण आधी सरांविषयी. वडील गेल्यावर ज्या माणसाने न विचारता फी भरली, मोडीतला पहिला कागद शिकवताना झेरॉक्सवर एकेका अक्षराखाली पेन्सिलीने ठिपका देत जो तासभर बसला, त्याच्याविषयी तुम्हाला जे वाटते ते खोटे ठरवायला मी बसलेले नाही. ‘आता तरी डोळे उघड, तो माणूस असाच होता’ असे कुणी म्हणाले तर त्याचेही ऐकू नका. ती चार वर्षे तुम्ही जगला आहात. कोणत्याही समितीचा अहवाल ती पुसू शकत नाही.

माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. ‘मला कधी तसा अनुभव आला नाही’ या वाक्यावरून तुम्ही, आणि तुमच्याआधी सही मागणारे, ‘म्हणजे तसे घडलेच नसणार’ या वाक्यावर जाता. पहिले वाक्य तुमच्याविषयी आहे. दुसरे वाक्य वेगळ्या मुलीविषयी, वेगळ्या दिवसाविषयी आणि तुम्ही ज्या खोलीत नव्हता त्या खोलीविषयी आहे. माणूस सगळ्यांशी सारखा वागत नाही. एकाच घरात थोरल्याला मायेने वाढवणारा बाप धाकट्यावर हात उगारतो, आणि ‘बाबा प्रेमळ आहेत’ म्हणणारा थोरला खोटे बोलत नसतो. याचा अर्थ सरांनी तसे केलेच असेल असा मी काढत नाही. तुमचा चांगला अनुभव या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, इतकेच.

‘तू मुलगी आहेस, तुझ्या सहीला वजन आहे’ हे वाक्य मला फार खटकले. चार वर्षे तू त्या विभागात बसतेस, तुला काय दिसले ते सांग, असे कुणी म्हटले असते तर ती गोष्ट वेगळी होती. इथे तुम्ही काय जाणता हे कुणी विचारलेलेच नाही. एका मुलीच्या शब्दासमोर दुसऱ्या मुलीचे नाव उभे करायचे आहे, त्यासाठी तुम्ही हव्या आहात.

आता निवेदनाचा मसुदा पुढे घ्या आणि हातात पेन्सिल धरा. तुमच्या विषयातलेच सांगते. जुन्या महजरांवर, म्हणजे भरसभेत झालेल्या निवाड्यांच्या कागदांवर, ‘हाजीर मजालसी’ म्हणून माणसांची नावे येतात, कुणब्याच्या नावाखाली निशाणी नांगर असतो. ती माणसे सभेला हजर होती, म्हणून त्यांचे नाव कागदावर चढले आणि म्हणून तीनशे वर्षांनी तुम्ही त्या कागदाला पुरावा मानता. गैरहजर माणसाने निशाणी केली असे उद्या कळले तर त्या कागदाचे काय कराल? हीच कसोटी इथे लावा. एकेक वाक्य वाचा आणि ज्याला तुम्ही स्वतः हजर होता त्यालाच खूण करा.

‘सर तळमळीने शिकवतात.’ खूण करा, चार वर्षांपुरती. ‘चौकशी एकतर्फी झाली.’ हे तुम्ही सरांकडून ऐकले आहे. ‘आरोप धादांत खोटे आहेत.’ तिथे तुम्ही नव्हता. ‘कमी गुण मिळाल्याच्या रागातून तक्रार केली.’ इथे मात्र पेन्सिल खाली ठेवा. गुण लागले ते जिन्यातल्या बोलण्यानंतर चार-पाच महिन्यांनी. म्हणजे गुणांचा प्रश्न उपस्थित होण्याच्या कितीतरी आधी त्या मुलीच्या मनात काहीतरी खुपत होते, आणि ती विचारायला तुमच्यापाशी आली होती. त्या प्रश्नाने सर दोषी ठरत नाहीत. सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्याला कामासाठी बोलावणे हा गुन्हा नाही आणि अस्वस्थ वाटण्याची कारणे अनेक असतात. पण निवेदनातले हे वाक्य तुम्हाला जे माहीत आहे त्याच्याशी जुळत नाही. इतर शंभर जणांना ते खरे वाटू शकेल, कारण ते जिन्यात नव्हते. तुम्ही होता. म्हणून माझे मत सरळ आहे : सही करू नका.

आणखी एका कारणासाठीही करू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीतले कामकाज उघड करता येत नाही. मसुद्यात मुलीचे नाव आणि वर्ग आहे. ग्रुपवर अहवालाची पाने फिरत आहेत असेही तुम्ही लिहिता. ती कुणी पाठवली याची चौकशी करत बसू नका, पण तुमच्या फोनवरून पुढे जाऊ देऊ नका. हे कलम सरांच्या नावालाही तितकेच झाकते, हे सरांच्या मित्रांना एकदा सांगून पाहा.

निवृत्तीपूर्वी मी अशा एका समितीवर होते. कुणाची ओळख पटेल असे काही सांगणार नाही. एका प्राध्यापकांच्या समर्थनार्थ आमच्यापुढे सह्यांचा गठ्ठा आला होता, चांगली माणसे होती सगळी. पण एकानेही एखाद्या दिवशी, एखाद्या वेळी काय पाहिले हे लिहिले नव्हते, त्यामुळे त्या गठ्ठ्याचे आम्ही काही करू शकलो नाही. त्याच फाइलमध्ये विभागातल्या शिपायाचा चार ओळींचा जबाब होता. अमुक दिवशी सहाला कुलूप लावायला गेलो तेव्हा सर एकटेच होते, दार उघडे होते, वर्ग साडेतीनलाच सुटला होता. त्या दिवसापुरता आरोप आम्ही सिद्ध धरला नाही, तो त्या चार ओळींमुळे. प्राध्यापकांच्या कामी काही आले असेल तर ते एवढेच, आणि ते लिहिणाऱ्याला त्यांचा विशेष लळाही नव्हता. सरांना मदत करायची तुमची इच्छा आहे, म्हणून हे सांगितले.

आता चौकशी घाईत उरकली या तक्रारीकडे येऊ. ती मी हलकी मानत नाही. पण चौकशी नीट झाली का आणि प्रसंग घडला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निवेदन लिहिणाऱ्यांनी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले आहे. चौकशी चुकीची झाली असेल तर त्याचा अर्थ ती पुन्हा नीट व्हावी असा होतो. तक्रार खोटी होती असा होत नाही.

याचे ठळक उदाहरण गोवा विद्यापीठातले आहे. विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून २००९ मध्ये एका विभागप्रमुखांची चौकशी झाली, २०१० मध्ये त्यांना बडतर्फ केले, २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. समितीने सुनावण्या एकामागून एक उरकल्या, बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, हे कारण होते. पण न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले नाही. प्रकरण समितीकडे परत पाठवले आणि चौकशी जिथे बिघडली तिथून पुढे नीट चालवा असे सांगितले. त्याच निकालात देशभरच्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे मुदतीत तपासण्याचेही आदेश दिले. २००९ ते २०२३ ही चौदा वर्षे मोजून पाहा. प्राध्यापकांची कारकीर्द त्यात गेली. आणि त्या विद्यार्थिनी? पदवी, नोकरी, कदाचित संसार, सगळे होऊन गेल्यावर त्यांना पुन्हा त्याच प्रसंगांविषयी बोलायला सांगितले जाणार होते. घाईने केलेल्या चौकशीची झळ दोघांनाही बसते. म्हणून तुमच्या विभागात कुणाला खरोखर न्यायाची चाड असेल तर त्याने मागावे ते एवढेच : अपिलात प्रक्रियेची बारकाईने तपासणी व्हावी. त्या मागणीसाठी मुलीला खोटे ठरवण्याची गरज पडत नाही.

जबाब दाखवले नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही, याविषयीही थोडे. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच, रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे (आरोपीला बाजू मांडू द्यावी, निःपक्षपणे ऐकावे ही) म्हणजे एकच ठोकळा नव्हे असे म्हटले होते. तिथे विद्यार्थिनींचे जबाब आरोपी विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतलेले चालले. पण ते विद्यार्थी होते. सरांसारख्या कायम नोकराची सेवा संपवायची तर त्याला आरोपाचे स्वरूप, पुराव्याचा मजकूर आणि उत्तर द्यायची खरी संधी मिळालीच पाहिजे. मुलीला समोरासमोर न आणता लेखी प्रश्नांतूनही हे करता येते. सरांच्या बाबतीत काय झाले हे कागदपत्रे पाहूनच ठरेल, आणि ती पाहायला जागा आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे समितीच्या निष्कर्षांविरुद्ध विद्यापीठाकडेच अपील आहे. २०१३ च्या कायद्यातही अपिलाची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी २०१६ च्या अधिनियमाखाली बडतर्फीविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे, वर उच्च न्यायालय आहेच. मुदती मात्र कमी असतात, काही ठिकाणी ३० दिवस, काही ठिकाणी ९०. दोन महिने होऊन गेले आहेत. सरांना खरा आधार द्यायचा असेल त्यांनी सह्या गोळा करण्याऐवजी आज त्यांना सेवाविषयक कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे नेले पाहिजे.

अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यता कोणत्या बाजूला अधिक झुकते हे पाहिले जाते. आणि तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी, असेही कायदा मानत नाही. जाणूनबुजून खोटी केली हे वेगळे सिद्ध करावे लागते. ग्रुपवर ‘खोटी तक्रार’ हे शब्द रोज वापरले जात असतील, म्हणून सांगितले.

आता जिना.

आज रात्रीच एक कागद घ्या आणि आठवते तसे लिहून काढा. महिना, वेळ, जिन्याची कोणती पायरी, ती काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. जिथे नक्की आठवत नाही तिथे तसेच लिहा. तिच्या चेहऱ्यावर काय होते याचा आज अर्थ लावू नका. दीड वर्षानंतर, सगळे कळल्यावर, आपण आठवणीला आकार देऊ लागतो. खाली आजची तारीख घाला, सही करा आणि कागद ठेवून द्या. ही सही तुम्ही निर्धास्तपणे करू शकता.

पुढे तो कागद कुणाला द्यायचा? ग्रुपला नाही, मुलीच्या बाजूने बोलणाऱ्या संघटनेला नाही, बातमीदाराला तर नाहीच. समितीच्या अध्यक्षांना, किंवा अपील सुरू झाले असेल तर कुलसचिवांमार्फत अपील ऐकणाऱ्यांना, बंद पाकिटातून दोन ओळी पाठवता येतील : या प्रकरणाशी संबंधित एका बोलण्याची मला माहिती आहे, बोलावल्यास सांगेन. त्यात मजकूर लिहू नका. न बोलावता पुढे जायचे की बोलावले तरच बोलायचे, यावर मी दोन दिवस विचार केला. थांबण्याच्या बाजूने एवढेच आहे की समितीचे काम संपले आहे आणि तुमचा प्रबंध त्याच इमारतीत अडकला आहे. पण गुणांचा राग हाच सरांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होऊ घातला असेल, तर त्याला छेद देणारी गोष्ट एकट्या तुमच्यापाशी आहे. मी तुमच्या जागी असते तर पाकीट पाठवले असते. तुम्हाला प्रबंध जमा होईपर्यंत थांबावेसे वाटले तर मी तुम्हाला दोष देणार नाही, फक्त कुणी विचारले असता ‘मला काही माहीत नाही’ असे म्हणू नका. आयोगाच्या नियमांनुसार साक्षीदाराला त्रास होऊ न देणे ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. त्रास झालाच तर तो तारखेनिशी लिहून ठेवा आणि समितीला कळवा.

‘मी त्या दिवशी तिचे ऐकून घेतले असते तर’ असे तुम्ही लिहिले आहे आणि मग खोडले आहे. खोडलेले वाचता येते. तुम्ही खोटे बोलला नव्हता. तुमच्या अनुभवाला धरून जे खरे होते ते बोलला. पण तिने सर कसे आहेत असे विचारले नव्हते. ‘तुम्हालाही’ असे विचारले होते, आणि त्या ‘ही’मध्ये तिचे सगळे सांगणे आले होते. ‘काय झालं?’ एवढे दोन शब्द पुरले असते. ते सुचले नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांना त्या वयात, आवडत्या माणसाविषयी, सुचत नाहीत. मलाही एकदा सुचले नव्हते, ती विद्यार्थिनी आज कुठे आहे मला माहीत नाही. आता मात्र त्या मुलीला शोधत जाऊन माफी मागू नका. प्रकरण चालू असताना संभाव्य साक्षीदाराने तक्रारदाराला भेटणे दोघींनाही अडचणीत आणेल. आणि तुमचे मन हलके करण्याचे ओझे तिच्यावर पडायला नको. सगळे निवळल्यावर ती दिसली तर पाहू.

सरांचा फोन पुन्हा येईल. तेव्हा कदाचित शब्द सापडणार नाहीत म्हणून मी सुचवते, तुम्ही तुमच्या भाषेत बदलून घ्या : ‘सर, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही. पण निवेदनावर मी सही करणार नाही. मला जे स्वतःला माहीत आहे ते, कुणी अधिकृतपणे विचारलं तर, जसंच्या तसं सांगेन.’ यापुढे वाद घालू नका. ते दुखावतील. तब्येतीची विचारपूस करायला काहीच हरकत नाही, पण प्रकरणावर फोनवर बोलू नका. प्रतिवादीने साक्षीदारांना फोन करणे त्यांच्याच विरोधात जाऊ शकते, हेही त्यांना सांगायला हवे आणि ते तुम्हीच सांगितलेत तर कदाचित ऐकतील.

तुम्ही विचारलेले नाही, पण कुणीतरी सुचवेल : निवेदन नको तर स्वतंत्र पत्र लिही, फक्त तुझा चांगला अनुभव. वरकरणी हे रास्त वाटते. पण तुमच्या बाबतीत त्यात अडचण आहे. सरांच्या वागणुकीविषयी मी जे जाणते ते, असे म्हणून पत्र लिहायचे आणि जिना वगळायचा, हे तुम्हाला जमणार नाही, जमूही नये. लिहायचे तर दोन्ही लिहा. चार वर्षांतला चांगुलपणा आणि जिन्यातला प्रश्न, एकाच कागदावर.

प्रबंधाचे त्या मानाने सोपे आहे, फक्त वेळ दवडू नका. तुमची नोंदणी विद्यापीठाकडे आहे, सरांकडे नाही. मार्गदर्शक गेला म्हणून नोंदणी जात नाही. संशोधन केंद्राच्या प्रमुखांना नवीन मार्गदर्शकासाठी लेखी अर्ज द्या, प्रत पीएच.डी. विभागाला द्या, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्या. तोंडी ‘बघू’वर विसंबू नका. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी अशी मर्यादा आहे. त्यामुळे सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना जागा मिळायला वेळ लागेल आणि आधी अर्ज करणाऱ्याला निवड अधिक असेल. प्रबंधासाठी सहा वर्षे असतात, पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, स्त्रियांना त्याहून दोन अधिक. मधल्या काळातला खंड तुमच्यामुळे पडलेला नाही, हे अर्जात लिहा म्हणजे मुदतवाढीच्या वेळी कागद हाताशी राहील. तुमची नोंदणी आधीच्या नियमांखालची असेल तर कार्यालयातून तसे लेखी घ्या.

ज्यांच्याकडे जाण्याचे घाटते आहे ते मार्गदर्शक विषय बदलायला सांगत आहेत म्हणता. चार वर्षांच्या मोडी कागदांवर पाणी सोडायची गरज नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण होतच असते, हा प्रश्न तिथे मांडा, आधीचे प्रगती अहवाल जोडा. शीर्षकात थोडा फेरफार मान्य करा, मूळ साधने सोडू नका. आणि सरांच्या कपाटात तुमची टिपणे, लिप्यंतराच्या वह्या अडकल्या असतील तर त्या विभागप्रमुखांमार्फत यादी करून मागून घ्या. स्वतः कपाट उघडायला जाऊ नका.

हे सदर वाचणाऱ्यांत त्याच विभागातले सहकारी असतील, वसतिगृहातल्या मैत्रिणी असतील, ऑफिसातले लिपिक असतील. सगळ्यांकडे कुणी ना कुणी सही मागायला येणार. ‘मला विचार करायला दोन दिवस द्या’ म्हणा आणि मसुद्याची प्रत मागून घ्या. जो प्रत द्यायला तयार नसेल त्याच्या कागदावर सही करू नका. ज्यांनी आधीच सही केली आहे आणि आता पटत नाही त्यांनी निवेदन ज्याला दिले त्यालाच एक ओळ लिहावी, ‘माझी सही मागे घेत आहे’. कारण द्यावे लागत नाही. आणि मुलीच्या बाजूने मोर्चा काढणाऱ्यांकडूनही असाच कागद येईल, ‘आम्ही सर्व जाणतो की…’ अशी सुरुवात असलेला. त्यालाही तीच पेन्सिल लावा.

राहता राहिली ऋणनिर्देशाची ओळ. प्रबंध जमा करायला अजून वर्ष तरी आहे. तोवर अपिलाचा निकाल लागलेला असेल किंवा नसेल, नव्या मार्गदर्शकांना ते नाव आवडेल किंवा नाही. ‘पितृतुल्य’, ‘ऋषितुल्य’ असले शब्द तुमच्या मसुद्यात आज असतील तर ते काढून टाका. ‘मोडी वाचायला मी यांच्याकडे शिकले’ एवढे लिहून त्यापुढे सरांचे नाव घाला. त्याला तुम्ही हजर होता. आणि तो पेन्सिलीच्या ठिपक्यांचा झेरॉक्स आहे ना, तो फाडू नका.